स्लॉट आहे, कार्ड नाही

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ग्राफिक्स कार्ड मागायला गेलात, तर दुकानदार किंमत सांगण्याआधी विचारतो, "पॉवर सप्लाय कितीचा आहे?" प्रश्न रास्त आहे. कार्ड दांडगं आणि सप्लाय किरकोळ असेल, तर संध्याकाळी गिऱ्हाईक खोकं घेऊन परत येणार, हे त्याला अनुभवानं ठाऊक असतं. पण "मॅक प्रोमध्ये घालायचंय" म्हणालात, की तो वॉटबिट काही विचारत नाही. खोकं पुन्हा फळीवर ठेवतो.

बाजारात कार्ड आहे, खिशात पैसे आहेत, यंत्रात स्लॉट आहे आणि तरी वाट बघायची. मॅक प्रो हा ॲपलचा महागडा टेबलावरचा संगणक घेणाऱ्यांनी २००६ ते २०२३ अशी सतरा वर्षं हेच केलं. ही वाट कार्ड तयार होण्याची कधीच नव्हती. कार्डं तयारच होती. वाट होती परवानगीची.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे संगणकाच्या पोटातला दुसरा संगणक. मुख्य प्रोसेसर हुशार, पण त्याला हात मोजके. कार्डावरच्या चिपमध्ये शेकडो-हजारो साधे हिशेबनीस एकाच वेळी एकसारखी आकडेमोड करत बसलेले असतात. एचडी चित्रपटाची एक चौकट म्हणजे १९२० गुणिले १०८०, वीस लाखांहून जास्त ठिपके. सेकंदाला अशा चोवीस चौकटी. त्यातल्या नायिकेच्या साडीचा लाल रंग जरा मावळता करायचा, तर प्रत्येक ठिपक्याचा हिशेब नव्यानं मांडावा लागतो. अंधेरीतल्या एडिट रूममध्ये रंगसंस्कार करणारा माणूस बटण फिरवतो तेव्हा चित्र लगेच बदलतं की त्याला चहा पिऊन यावं लागतं, हे बव्हंशी या कार्डावर ठरतं. म्हणून संकलक, ॲनिमेशनवाले, वास्तुरचनाकार यांचा जीव कार्डात अडकलेला असतो. प्रोसेसर चार वर्षं जुना असला तरी त्यांचं भागतं. कार्ड चार वर्षं जुनं असलं की गाडी अडते.

पहिला मॅक प्रो ७ ऑगस्ट २००६ रोजी आला. ॲल्युमिनियमचा भारदस्त टॉवर, पुढून-मागून किसणीसारखी भोकं. लोक त्याला लाडानं किसणीच म्हणत. किंमत २,४९९ डॉलर आणि आत कार्ड जीफोर्स ७३०० जीटी. म्हणजे पैठणीवर रबरी चप्पल. जास्त पैसे मोजले तर एटीआयचं रेडिऑन एक्स१९०० एक्सटी किंवा एनव्हिडियाचं क्वाड्रो एफएक्स ४५०० मिळे. पर्याय संपले. पीसीवाल्याला त्याच वेळी दुकानात डझनभर कार्डं दिसत होती.

मग दुकानातलं कार्ड आणून बसवायला काय हरकत होती? इथे खरी मेख आहे. संगणक चालू होताना तो कार्डाशी आधी दोन शब्द बोलतो, आणि ते शब्द कार्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये लिहिलेले असतात. पीसी तेव्हा बायोसची बोली बोलत असे, मॅक ईएफआयची. कार्डाचं सिलिकॉन तेच, पंखा तोच, फक्त बोली वेगळी. आणि ॲपलच्या दोन पिढ्यांचं तरी आपसात जमावं? तेही नाही. जानेवारी २००८च्या मॉडेलबरोबर जीफोर्स ८८०० जीटी हे चांगलं कार्ड आलं, तेव्हा दीड वर्ष जुन्या यंत्रांचे मालक हरखले. पण त्यांच्या यंत्राचं ईएफआय ३२ बिटांचं होतं आणि नव्याचं ६४ बिटांचं. कार्ड चालेना. पुढे त्यांच्यासाठी वेगळी आवृत्ती काढावी लागली.

त्यातून एक कुटिरोद्योगच जन्माला आला. साधं पीसी कार्ड आणायचं, त्याच्या चिपमधला मजकूर पुसून तिथे मॅकची बोली लिहायची. याला 'फ्लॅश करणं' म्हणतात. जमलं तर निम्म्या किमतीत काम, फसलं तर कार्ड कायमचं मुकं. फ्लॅश न करताही काही कार्डं चालत, पण यंत्र सुरू झाल्यावर ॲपलचं सफरचंद दिसत नसे. कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, जागं होईपर्यंत पडदा काळाठिक्कर. तेवढा वेळ देवाचं नाव घ्यायचं.

दुसरी अडचण विजेची. लॅमिंग्टन रोडवरचा तो प्रश्न इथे खरा ठरतो. २००९ ते २०१२च्या मॅक प्रोमध्ये स्लॉटमधून ७५ वॉट आणि बोर्डावरच्या दोन छोट्या जोडण्यांमधून प्रत्येकी ७५, असे कार्डाला एकूण २२५ वॉट मिळत. दणकट कार्डांची भूक २५० ते ३०० वॉटची. मग कुणी डीव्हीडी ड्राइव्हच्या कप्प्यात दुसरा पॉवर सप्लाय बसवला, कुणी मूळ सप्लायच्या तारांना टाके घालून वीज काढली. हजारो डॉलरच्या यंत्रावर घरच्या इलेक्ट्रिशियनसारखे प्रयोग करणारी ही माणसं हौशी पोरं नव्हती. उदरनिर्वाह त्या यंत्रावर होता, म्हणूनच ती धजावली.

२०१०मध्ये आणखी एक गंमत झाली. एनव्हिडियानं २००७पासून 'कूडा' नावाची व्यवस्था रुळवली होती, तिच्यामुळे कार्डाकडून चित्राखेरीज इतर आकडेमोडही करून घेता येई. एप्रिल २०१०मध्ये अडोबीनं प्रीमियर प्रो सीएस५ आणलं. त्याचं नवं वेगवान इंजिन कूडावर उभं होतं, आणि तेही एनव्हिडियाच्या निवडक कार्डांवरच. मॅकसाठी त्या यादीत दोनच नावं होती: जीटीएक्स २८५ आणि क्वाड्रो एफएक्स ४८००. दोन-तीन महिन्यांत नवा मॅक प्रो आला. त्यात कार्डं कुणाची? एएमडीची. रेडिऑन एचडी ५७७० आणि ५८७०. सॉफ्टवेअरची वरात एका गावाला, हार्डवेअरची दुसऱ्या.

जून २०१२चा मॅक प्रो तर मी 'नवा' म्हणायलाच तयार नाही. प्रोसेसर जरा वाढवले, कार्डं तीच २०१०ची. एएमडीचं एचडी ७९७० तोवर बाजारात येऊन पाच महिने झाले होते. ओरड इतकी झाली, की एका ग्राहकाच्या ईमेलला खुद्द कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी उत्तर पाठवलं आणि पुढच्या वर्षाच्या उत्तरार्धात काही चांगलं येईल, असं कळवलं. म्हणजे आणखी दीड वर्ष. त्या काळात सफायरचं एचडी ७९५० आणि ईव्हीजीएचं जीटीएक्स ६८०, अशी दोन कार्डं खास मॅक आवृत्तीत आली. सफरचंद दिसू लागलं. युरोपात मात्र १ मार्च २०१३पासून मॅक प्रोची विक्रीच थांबली, कारण सुरक्षेच्या नव्या नियमांप्रमाणे त्याच्या पंख्यांना पुरेसं कुंपण नव्हतं. कार्डाची तक्रार करणाऱ्यांना आता अख्खं यंत्रच मिळेना.

आणि मग तो डबा आला.

जून २०१३मध्ये दाखवलेला आणि डिसेंबरात विकायला काढलेला मॅक प्रो २५.१ सेंटिमीटर उंच आणि १६.७ सेंटिमीटर व्यासाचा काळा चकचकीत नळकांडा होता. दिवाळीत चिवडा भरून ठेवायच्या डब्याएवढा. परदेशात त्याला कचऱ्याची टोपली म्हणाले. चीड समजते, पण यंत्र म्हणून तो विलक्षण सुंदर होता, हे मी आजही म्हणेन. आत धातूचा तिकोनी गाभा. एका बाजूला प्रोसेसर, उरलेल्या दोन बाजूंना दोन ग्राफिक्स कार्डं, आणि सगळी उष्णता ओढून वर फेकणारा एकच मोठा पंखा. जवळजवळ आवाजच नाही.

इतकी वर्षं एकच कार्ड मागणाऱ्यांना ॲपलनं दोन दिली. फायरप्रो डी३००, डी५०० किंवा डी७००, कुठलीही जोडी घ्या. फक्त स्लॉट काढून घेतला. कार्डांचा आकार आणि जोडणी अशी खास घडवली होती, की बाजारातलं दुसरं कुठलंच कार्ड तिथे बसू शकत नव्हतं. दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आले तेव्हा दात काढून घेतलेले.

ही चूक नेमकी कशी झाली, हे समजून घेण्यासारखं आहे. ॲपलचा अंदाज होता, की पुढची सॉफ्टवेअरं दोन मध्यम कार्डांत काम वाटून घेतील. जग उलट्या दिशेला गेलं. काम दोघांत वाटणं प्रोग्राम लिहिणाऱ्यांना किचकट वाटलं आणि एकच भलंमोठं, तापणारं कार्ड सगळ्यांना सोयीचं झालं. तिकोनी गाभ्याची गंमत अशी, की तिन्ही बाजूंनी उष्णता साधारण सारखी आली तरच तो नीट चालतो. एका बाजूला २५० वॉटची भट्टी लावली तर तोल गेला. शिवाय साऱ्या यंत्राला सप्लाय होता ४५० वॉटचा. सुंदर आकारानं आतल्या भविष्याचं दार बंद केलं होतं.

तीन वर्षं उलटून गेल्यावर, ४ एप्रिल २०१७ रोजी ॲपलनं कधी न केलेली गोष्ट केली. पाच पत्रकारांना आधी बोलावून फिल शिलर, क्रेग फेडरिगी आणि जॉन टर्नस या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी जे मान्य केलं होतं, ते त्या दिवशी छापून आलं: उष्णतेच्या बाबतीत आपण स्वतःलाच कोपऱ्यात अडकवून घेतलं. नवा मॅक प्रो येईल, पण या वर्षी नाही. तोवर काय? तोवर तोच डबा, त्याच किमतीत जरा वरचे भाग. डी७००मधली चिप एचडी ७९७०च्याच घराण्यातली, म्हणजे २०१२च्या सुरुवातीची. ती ॲपलच्या दुकानात २०१९पर्यंत विकली गेली.

किसणीवाले जुने मालक या काळात गालातल्या गालात हसत होते. त्या बातमीनंतर दोनच दिवसांनी एनव्हिडियानं आपल्या पास्कल पिढीच्या कार्डांसाठी मॅकचे ड्रायव्हर जाहीर केले. २०१०च्या टॉवरमध्ये जीटीएक्स १०८० चालू लागलं, आणि सात वर्षं जुनं यंत्र नव्या डब्याला मागे टाकू लागलं. हे सुख दीड वर्ष टिकलं. सप्टेंबर २०१८मध्ये मॅकओएस मोहावी ही नवी कार्यप्रणाली आली आणि एनव्हिडियाचे नवे ड्रायव्हर आलेच नाहीत. ॲपलच्या मंजुरीशिवाय आम्ही ड्रायव्हर देऊ शकत नाही, असं एनव्हिडियानं सांगितलं. कार्ड तेच, स्लॉट तोच, वीजही तीच. एक सही राहिली. पुढच्याच वर्षी एनव्हिडियानं मॅकसाठीचं कूडाचं कामही थांबवलं. दोन बड्या कंपन्यांमध्ये खटका कशावरून उडाला, याची कुजबुज पुष्कळ झाली. भुर्दंड मात्र संकलकांना पडला.

मोहावीसाठी जुन्या टॉवरमध्ये मेटल ही ॲपलची ग्राफिक्स व्यवस्था समजणारं कार्ड लागणार होतं. कोणतं घ्यावं, याची यादी ॲपलनंच दिली, आणि त्यात सफायरचं पल्स आरएक्स ५८० हे साधं पीसी कार्ड होतं. बारा वर्षांत पहिल्यांदा कंपनी म्हणाली, जा, बाजारातून आणा.

१० डिसेंबर २०१९ रोजी नवा मॅक प्रो विक्रीला आला. पुन्हा किसणी, आठ स्लॉट, १,४०० वॉटचा सप्लाय. एमपीएक्स नावाच्या खास जोडणीमुळे एकेका कार्डाला ५०० वॉटपर्यंत वीज, कुठे तारही दिसत नाही. दोन व्हेगा टू ड्युओ बसवली तर चार चिपा आणि १२८ जीबी ग्राफिक्स मेमरी. मागणाऱ्यांनी मागितलं ते सगळं, आणि भाव तसाच. सुरुवात ५,९९९ डॉलरपासून, खाली चाकं हवी असतील तर आणखी ४००. या सुरुवातीच्या यंत्रात कार्ड होतं रेडिऑन प्रो ५८०एक्स, म्हणजे जुन्या टॉवरवाल्यांनी बाजारातून आणलेल्या त्या आरएक्स ५८०चाच भाऊबंद. ते आठ जीबीचं साधं कार्ड २०१७मध्ये २२९ डॉलरला आलं होतं. पैठणी नवी, चप्पल पुन्हा रबरी.

२०२०-२१मध्ये पीसीवाल्यांनाही वाट बघण्याची चव कळली. आभासी चलनाच्या खाणकामाला आणि टाळेबंदीतल्या मागणीला कार्डं पुरेनात, भाव दुप्पट झाले. मॅकवाल्यांना मे २०२१मध्ये मॅकओएस ११.४नं आरएक्स ६८०० आणि ६९०० एक्सटीची दारं उघडून दिली, ऑगस्टमध्ये त्याच पिढीची एमपीएक्स कार्डंही आली. तेवढंच. त्याच्या पुढच्या पिढीचा ड्रायव्हर मॅकसाठी कधी निघाला नाही.

कारण जून २०२०मध्येच ॲपलनं प्रोसेसर पुरवणाऱ्या इंटेलशी काडीमोड जाहीर केला होता. स्वतःच्या चिपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच ताटात जेवतात, म्हणजे दोघांची मेमरी एकच. माहिती इकडून तिकडे न्यावी लागत नाही, वीज कमी लागते. लॅपटॉपवर याचा फायदा डोळ्यांना दिसतो आणि मीही तो रोज उपभोगतो. पण या रचनेत बाहेरच्या कार्डाला पाट मांडलेलाच नाही.

जून २०२३मध्ये एम२ अल्ट्रा चिपचा मॅक प्रो आला. भारतात तेव्हा सुरुवातीची किंमत ७ लाख २९ हजार ९०० रुपये होती. तीच देखणी किसणी आणि आत सहा मोकळे स्लॉट. ध्वनीचं कार्ड घाला, नेटवर्कचं घाला, साठवणीचं घाला. ग्राफिक्स कार्ड चालत नाही. २०१९च्या यंत्रात दीड टेराबाइट मेमरी बसत होती, इथे कमाल १९२ जीबी, आणि त्यातच ग्राफिक्सचीही सोय. वेगळं कार्ड जोडण्याच्या दिशेनं आमचं काम चालू नाही, असं टर्नस यांनी तेव्हा सांगितलं. हेच टर्नस २०१७च्या त्या खोलीतही होते. मार्च २०२५मध्ये मॅक स्टुडिओ या छोट्या चौकोनी यंत्राला एम३ अल्ट्रा चिप आणि ५१२ जीबीपर्यंत मेमरी मिळाली. मॅक प्रोला मिळाली नाही.

कुणी जुना मॅक प्रो स्वस्तात देत असेल आणि तुम्ही मोहात असाल, तर सालाकडे नीट बघा. ग्राफिक्स कार्ड बदलता येईल असा शेवटचा मॅक २०१९चा आहे, आणि इंटेलच्या मॅकवर चालणारी अखेरची मॅकओएस टाहो असेल, असं ॲपलनं जून २०२५मध्ये जाहीर केलं आहे.