लर्निंगची परीक्षा आणि मोबाइलवरचा सराव

जुन्नर तालुक्यातल्या राजुरीच्या पोरांचा स्टिअरिंगवर हात लवकर बसतो, ट्रॅक्टरची कृपा. अडतं ते लर्निंग लायसन्सच्या प्रश्नांपाशी.

परीक्षा कशी असते

जुन्नर तालुका एमएच-१४ मध्ये, म्हणजे पिंपरी-चिंचवड आरटीओकडे येतो. जून २०२१ पासून आधारवरून ओळख पटवून ही परीक्षा घरबसल्या देता येते. ‘सारथी’ पोर्टलवर आधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ बघायचा, मग १५ प्रश्न सोडवायचे. ९ बरोबर आले की पास. सराव परीक्षाही तिथेच फुकट आहे. सुरुवात तिथूनच करावी. घरबसल्या म्हणजे एजंटाने किंवा थोरल्या भावाने सोडवायची, असा अर्थ काहींनी काढलाय. तो गुन्हा आहे.

खेळ कशासाठी

मोबाइलवर वाहतूक नियमांचे खेळही मिळतात. त्यांचा खरा फायदा चिन्हांसाठी. निळ्या गोलावर एकच तिरकी लाल रेघ असली तर पार्किंगला मनाई; रेघांची फुली असली तर क्षणभरही थांबायचं नाही. पुस्तकात हे दोन्ही सारखेच वाटतात. खेळात दोनदा गुण कापले गेले की पक्के लक्षात राहतात. उलटा लाल त्रिकोण म्हणजे ‘रस्ता द्या’, हेही तसंच.

घोकून मात्र भागत नाही. अरुंद चढावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर आधी वाट कुणाला? चढणाऱ्याला, कारण भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा उचलणं अवघड. भाजीची पिकअप घेऊन माळशेज घाट चढलेल्याला हे सांगावं लागत नाही.

परदेशी खेळ टाळा

अमेरिकेत वाहतूक उजव्या बाजूने चालते. तिकडच्या खेळात सिग्नल लाल असतानाही थांबून, बघून उजवीकडे वळायला बहुतेक ठिकाणी मुभा असते. ती सवय घेऊन आळेफाट्यावर येऊ नका.

पडद्यावर न दिसणारं

हंगामात कल्याण-नगर रस्त्यावर रात्री उसाची ट्रॉली पुढे असते, कधी मागचा दिवाही नसतो. अशा वेळी वेग किती ठेवायचा, हे कुठल्याच खेळात येत नाही. त्यासाठी शेजारी लायसन्सवाला जाणता माणूसच हवा. गाडीला पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ही हवा.

लर्निंग ६ महिने चालतं. पक्क्या लायसन्सची चाचणी ३० दिवसांनंतर देता येते, आणि तिथला ‘आठ’ गाडीनेच काढावा लागतो.