जॉयरायडिंग: चोरी की नुसती रपेट?

मालकाला न विचारता त्याची गाडी घ्यायची, मनसोक्त पळवायची आणि मग कुठेतरी सोडून द्यायची, याला जॉयरायडिंग म्हणतात. गाडी विकायची नसते की तिचे सुटे भाग काढायचे नसतात. हवी असते ती फक्त रपेट. शब्द विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या अमेरिकेतला. मोटार तेव्हा श्रीमंतांकडेच असे आणि ती चालवायला पगारी शोफर. मालकाची पाठ वळली की काही शोफर मित्रमंडळींना गाडीत भरून शहरभर हिंडवून आणत. भारतात मात्र या शब्दाचा निरुपद्रवी अर्थच रुळला. दार्जिलिंग ते घूम धावणाऱ्या पर्यटक रेल्वेगाडीचे नावच ‘जॉय राइड’ आहे.

कायद्याची अडचण इंग्लंडमध्ये झाली. तिथल्या जुन्या व्याख्येप्रमाणे वस्तू कायमची बळकावण्याचा हेतू असेल तरच ती चोरी. गाडी दोन तासांनी सापडली की आरोपी चोर ठरेना. अखेर 1930 च्या रस्ता वाहतूक कायद्यात संमतीविना गाडी नेणे हा वेगळा गुन्हा करावा लागला.

2024 पर्यंत लागू असलेली भारतीय दंड संहिता 1860 ची, म्हणजे मोटारीच्या कितीतरी आधीची. तरी तिला ही अडचण आली नाही. अप्रामाणिक हेतूने, संमतीशिवाय, वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातून हलवली की चोरी पूर्ण. ‘कायमची’ ही अट तिच्यात नव्हतीच. याचा कस मोटारीवर नव्हे, विमानावर लागला. जोधपूरच्या हवाई दल अकादमीतून मे 1952 मध्ये एका प्रशिक्षणार्थीने साथीदाराला घेऊन परवानगीविना हार्वर्ड विमान उडवले आणि ते पाकिस्तानातल्या एका शेतात उतरवले. वाट चुकली, हा बचाव टिकला नाही. तात्पुरता वापर करण्याचा हेतूही चोरीला पुरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये ठरवले.

मग कसबा बावड्यातल्या एखाद्या कॉलेजच्या पार्किंगमधून मित्राची मोटारसायकल न सांगता काढून शिये फाट्यापर्यंत चक्कर मारणारा मुलगा चोर का? तसे नाही. मित्राच्या कपाटातून वाचून परत करण्यासाठी घेतलेल्या पुस्तकाचे उदाहरण त्या संहितेतच होते: मित्राची मूक संमती आहे असे घेणाऱ्याला खरोखर वाटले असेल, तर ती चोरी नव्हे. मोटार वाहन कायद्याचे कलम 197 संमतीविना गाडी नेणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगते; पण ‘विचारले असते तर मालक हो म्हणाला असता’ हा समज रास्त असेल, तर तेही सुटका देते. मित्राची गाडी आणि चौकात किल्ली लावून ठेवलेली अनोळखी माणसाची गाडी, यांत फरक पडतो तो इथे.

अशा फेऱ्या बहुधा एकट्याने होत नाहीत, आणि त्याला कारण आहे. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये संगणकावरच्या ड्रायव्हिंगच्या खेळात वेगवेगळ्या वयाचे लोक बसवले, काही एकटे, तर काही मित्रांसमोर. मित्र बघत असताना 13 ते 16 वर्षांच्या मुलांनी कितीतरी जास्त धोके पत्करले. 24 च्या पुढच्यांत फारसा फरक पडला नाही. पुढे मेंदूच्या प्रतिमांतही दिसले, की मित्र पाहत असले की किशोरांच्या मेंदूतला बक्षिसाला प्रतिसाद देणारा भाग अधिक चेततो. आवर घालणारा पुढचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो. शहाणपणाच्या गोष्टी त्या मुलाला ठाऊक नसतात असे नाही. मागच्या सीटवरून ‘दाब की!’ असा आवाज आला की त्या मागे पडतात.

उपाय म्हणून उपदेशापेक्षा इमोबिलायझर सरस ठरला. किल्लीच्या मुठीत बारीक चिप असते. स्विचभोवतीची तारेची कॉइल तिला रेडिओलहरींनी जागी करते. सांकेतिक क्रमांक जुळला नाही, तर इंजिनला इंधन किंवा ठिणगी मिळत नाही. युरोपीय संघात नव्या मोटारींना तो 1998 पासून सक्तीचा झाला आणि हौशी उचलेगिरी झपाट्याने घटली. सराईत टोळ्या टोचन लावून गाडी ओढून नेऊ शकतात. पण रपेटीला निघालेल्या पोराकडे ना तेवढे सामान असते, ना सवड. आपल्याकडच्या बहुतेक साध्या दुचाकींना मात्र अजून हँडल लॉकच आहे, आणि तोही ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणणारा मालक लावत नाही.