घरच्या गाडीला कंट्रोलर नसतो

३१ वर्षं मी एसटी चालवली. त्यामुळे अमेरिकेतल्या बारा दिवसांच्या सहलीत मागच्या सीटवर नुसतं बसून राहणं मला जड गेलं. भाड्याची सात आसनी गाडी मुलगा चालवत होता. सोबत सूनबाई, आठ वर्षांची नात आणि आमची ही. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टहून निघून लास व्हेगास, ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन करत दहाव्या रात्री आम्ही सॉल्ट लेक सिटीला पोचलो. पाहायचं सगळं पाहून झालं होतं. उरलं होतं ते घर, जवळजवळ १२०० किलोमीटरवर.

अकराव्या दिवशी सकाळी गाडीत कुणी बोलत नव्हतं. दशम्या आणि चटणी केव्हाच संपलेली. नात दोन दिवस फ्रेंच फ्राइजवर होती. हिचे पाय सुजलेले. मुलगा आणि सूनबाई चार्जरच्या वायरवरून भांडून गप्प झालेले. बॉनविलचं मिठाचं मैदान आलं, आभाळापर्यंत पांढरं शुभ्र. दहा दिवसांपूर्वी तिथे तासभर रमलो असतो. आता खाली उतरली ती एकटी नात, आणि बुटांना मीठ लावून परत आली.

बेत होता त्याच दिवशी रीनो गाठायचा. म्हणजे ८३० किलोमीटर. मी मुलाला म्हणालो, "फार होतंय." तो म्हणाला, "बाबा, रस्ता सरळ आहे." मला भीती त्याच सरळ रस्त्याची होती. नेवाडात डोंगराची एक रांग, मग सपाट खोरं, पुन्हा रांग, असं दिवसभर चालतं. स्टिअरिंगला काम नाही, गिअर आपोआप. डोळे उघडे असतात, पण मागचे दहा किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा २०२२च्या डिसेंबरात सुरू झाला आणि 'महामार्ग संमोहन' हा शब्द आपल्याकडेही लोकांच्या तोंडी आला. ते हेच.

नेवाडात शिरल्यावर घड्याळ एक तास मागे जातं. मुलगा खूश झाला, तास वाचला म्हणून. पण शरीर जुन्याच वेळेवर चाललेलं असतं. माणसाला रात्रीसारखीच दुपारीही झोपेची एक लाट येते, साधारण दोन ते चारच्या सुमाराला. जेवलो नाही तरी येते. त्यात दहा रात्री दहा वेगळ्या गाद्यांवर अपुरी झोप झालेली. ही झोप उधारीसारखी साठत जाते आणि वसूल होते ती नेमकी शेवटी.

एल्को मागे पडलं. आरशात मला मुलाचे डोळे दिसत होते. पापण्या मिटायच्या आणि उघडायला उशीर करायच्या. वेग कमी-जास्त व्हायला लागला. एवढ्यात कडेच्या खोबणींवर चाक गेलं आणि घर्रर्र आवाज झाला. तो दचकला. म्हणाला, "काही नाही, काही नाही." हे 'काही नाही' मी स्वतः कितीदा म्हटलंय! ताशी १२० किलोमीटर वेगात तीन सेकंदांची डुलकी म्हणजे १०० मीटर गाडी बिनचालकाची.

मी डेपोतल्या आवाजात सांगितलं, "पुढच्या फाट्याला गाडी बाहेर घे." बॅटल माउंटन नावाच्या छोट्या गावात पेट्रोलपंपाशी थांबलो. काच उघडणं, मोठ्याने गाणी लावणं, तोंडावर पाणी मारणं, याने पाच-दहा मिनिटं बरं वाटतं, झोप जात नाही. तिच्यावर उतारा झोपच. मुलाला आधी कॉफी पाजली, मग सीट मागे करून वीस मिनिटं झोपवलं. मी घड्याळ धरून बसलो. कॉफीचा असर व्हायला साधारण अर्धा तास लागतो, म्हणून ती आधी प्यायची. आणि झोप वीस मिनिटांच्या फार पुढे जाऊ द्यायची नाही, नाहीतर उठल्यावर जडपणा येतो. रीनोच्या हॉटेलचे पैसे बुडाले. आम्ही अलीकडेच विनेमक्काला मुक्काम केला, डाळभात शिजवला आणि नऊला झोपलो. दुसऱ्या दिवशी डॉनर खिंड उतरून दिवसाउजेडी घरी पोचलो.

अमेरिकेत ट्रकवाल्याला सलग दहा तास विश्रांती घेतल्यावर जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते आणि आठ तास चालवलं की अर्धा तास थांबावंच लागतं. आमच्याकडे ड्यूटी लावायला कंट्रोलर असायचा. त्याला शिव्या दिल्या, पण खंबाटकी घाट उतरल्यावर गोठ्याकडे वळलेल्या बैलासारखी घराची ओढ लागते, तेव्हा आवरणारं कुणीतरी लागतंच. घरच्या गाडीला असा कंट्रोलर नसतो. सगळेच दमलेले आणि सगळ्यांनाच पोचायचं असतं.

म्हणून निघण्याआधीच, डोकं ताजं असताना, दोन गोष्टी ठरवा. सर्वांत कमी अंतर शेवटच्या दोन दिवसांना ठेवा. आणि गाडी न चालवणाऱ्या एकाला कंट्रोलर नेमा; तो 'थांब' म्हणाला की थांबायचं, वाद घालायचा नाही. आमच्या घरात हे पद आता नातीकडे आहे.