रंग देण्यापूर्वी जोड पाहावा

वजनावरील सरकारी छाप पाहून माप खरे की खोटे हे ग्राहक ठरवितो. कापडाचा पोत तो बोटांनी चाचपून पाहतो. परंतु लोखंडाचे दोन तुकडे सांधणाऱ्या वेल्डिंगची परीक्षा कशी करावी, हे आपणां व्यापाऱ्यांपैकी फार थोड्यांस ठाऊक असते. वस्तुतः बारडोलीसारख्या गावी ही विद्या घरोघरी असावयास हवी. बाबेन येथील श्री खेडूत सहकारी खांड उद्योग मंडळीच्या साखर कारखान्यातील रसाच्या नळ्या व टाक्या, ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या, आपल्या दुकानांची फाटके, गोदामांतील माळे, या सर्वांचा भार अखेर जोडांवरच असतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या गोदामासाठी लोखंडी मांडण्या करवून घेतल्या. माल आला तो चकचकीत हिरव्या रंगात. आम्ही लांबी-रुंदी मोजली आणि पैसे चुकते केले. पोती रचताच एक आडवी पट्टी निखळली. रंग खरवडून पाहिला, तेव्हा अखंड जोडाऐवजी चार ठिकाणी नुसते टाके आढळले. सुदैवाने खाली कोणी उभे नव्हते. दोष कारागिराचा खरा; पण रंगापूर्वी न पाहण्याचा दोष आमचाच होता.

हाच दोष मोठ्या कामात राहिला म्हणजे काय होते, याचे उदाहरण उत्तर समुद्रातील आहे. तेथील तेलक्षेत्रात कामगारांच्या निवासासाठी वापरला जाणारा ‘अलेक्झांडर कीलँड’ हा तरंगता मंच दि. २७ मार्च १९८० रोजी उलटला. मंचावरील २१२ जणांपैकी १२३ जण प्राणास मुकले. एका आडव्या नळीवर लहानसे उपकरण बसविण्यासाठी केलेल्या अवघ्या ६ मिलिमीटरच्या जोडापासून भेगेस आरंभ झाला होता. भेगेच्या आत रंगाचा अंश सापडला. म्हणजे रंग चढविण्यापूर्वीच भेग तेथे होती, आणि ती कोणाच्याही नजरेस आली नाही.

तेव्हा पाहावे काय? प्रथम तारेच्या ब्रशने जोड स्वच्छ करवावा. स्लॅगचे कवच त्यावर राहू देऊ नये. मग भरपूर उजेडात, डोळा दोन फुटांच्या आत आणून पाहावे. आंतरराष्ट्रीय मानक यासाठी किमान ३५० लक्स प्रकाश सांगते. जोडाची रेघ सलग व एकसारखी आहे काय, सुईने टोचल्यासारखी छिद्रे आहेत काय, जोडाच्या काठाशी मूळ पत्रा वितळून खाच पडली आहे काय, जोडाचा शेवट खोलगट सोडला आहे काय, हे क्रमाने तपासावे. जाडी अंदाजाने न सांगता वेल्डिंग गेजने मोजावी. ६ मिलिमीटर बाजूच्या काटकोनी जोडाची खरी जाडी सुमारे ४.२ मिलिमीटर भरते. भार पेलते ती हीच.

दोष किती चालावा, याचीही ठरलेली मापे आहेत. आपल्या देशात आय.एस. ८२२ ही तपासणीची संहिता १९७० मध्ये निघाली. आय.एस.ओ. ५८१७ या मानकात बी, सी व डी असे तीन दर्जे असून बी सर्वांत कडक आहे. डी दर्जात थोडी छिद्रे खपतात; उघड भेग मात्र तिन्ही दर्जांत अमान्यच. म्हणून मागणीपत्रात नुसते ‘काम उत्तम असावे’ असे न लिहिता दर्जा व जोडाचे माप स्पष्ट लिहावे. मागाहून वाद उद्भवला तर तोच कागद उपयोगी पडतो.

डोळ्यांची मर्यादाही विसरू नये. त्यांस केवळ पृष्ठभाग दिसतो. पोटातील दोषासाठी क्ष-किरण वा ध्वनिलहरींची तपासणीच हवी. बॉयलर तर कायद्याच्याच कक्षेत येतो. १९२३ च्या कायद्याच्या जागी आता २०२५ चा कायदा आला आहे. तेथे आपली नजर पुरेशी मानणे धोक्याचे होय.

आमची बंधूंना एवढीच विनंती आहे की, वेल्डिंग केलेला माल घेताना वा विकताना तो प्रथम बिनरंगाचा पाहावा, जोड तपासून तशी नोंद करावी आणि मगच रंगास परवानगी द्यावी. पावशेर कमी भरल्यास आपणांस लाज वाटते. मग अर्धवट जोड रंगाखाली झाकून विकणे हेही कमी मापच नव्हे काय? त्या मापाची किंमत मात्र खाली उभ्या असलेल्या हमालास मोजावी लागते.