बसमार्ग कुणाच्या मालकीचा नसतो

मार्गावरून दोन बसमालकांची जुंपली की गावाचा निवाडा ठरलेला असतो: ‘जुन्याचा हक्क आधी.’ एके काळी या म्हणण्यात तथ्य होतं. 1939च्या मोटार वाहन कायद्याखाली नव्या परवान्याचा अर्ज आला की जुने मालक हरकती घेत आणि सुनावण्या रखडत. 1 जुलै 1989 रोजी नवा कायदा आला आणि हरकतीचं ते हत्यार गेलं. परवाना सहसा नाकारू नये, असंच कलम 80 सांगतं. उत्तर प्रदेशातले जुने मालक याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1991 साली मिथिलेश गर्ग खटल्यात हरले. स्पर्धकामुळे गल्ला घटला, एवढ्यावर कोर्टात दाद मागता येत नाही. थांब्यावर ताटकळणाऱ्याला हे पटायला वकील लागत नाही.

मग परवानाधारकाने बस पुढच्या गावापर्यंत न्यायची म्हणजे नुसती पाटी बदलायची का? मुळीच नाही. मार्ग वाढवण्याचा अर्ज हा कायद्याने नव्या परवान्याचाच अर्ज मानला जातो. वाढही शेवटच्या थांब्यापासून 24 किलोमीटरांपलीकडे जाऊ शकत नाही. शिवाय त्यात लोकांची सोय आहे आणि त्या मार्गासाठी वेगळा परवाना देणं इष्ट नाही, अशी परिवहन प्राधिकरणाची खात्री पटावी लागते. मालकाचं डिझेल वाचतं, हे कारण तिथे चालत नाही.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज वेगळाच आहे: ‘सरकारी मार्गावरून नुसते जाऊ, प्रवासी घेणार नाही, मग कोण अडवणार?’ राज्य परिवहनासाठी राखीव म्हणून अधिसूचित झालेल्या मार्गाचा छोटासा तुकडाही खासगी टप्पा वाहतुकीला, म्हणजे थांब्याथांब्यावर प्रवासी घेण्याचा परवाना असलेल्या बसना, वापरता येत नाही, योजनेतच मुभा असेल तर गोष्ट निराळी. आदर्श ट्रॅव्हल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी 1985 सालीच हे स्पष्ट केलं. म्हणजे खासगी स्पर्धकापुढे जुन्याचा हक्क चालत नाही, सरकारी योजनेपुढे मात्र नवा-जुना दोघेही हरतात. दुसरी बाजू मला थोडी कडक वाटते, पण कायदा असाच आहे.

महाराष्ट्रात टप्पा वाहतूक मुख्यत्वे एसटीच्या हाती असल्याने इथलं भांडण निराळं. ट्रॅव्हल्सवाल्यांकडे असतो तो कंत्राटी वाहतुकीचा परवाना. त्यावर वाटेतल्या थांब्याथांब्यावर प्रवासी चढवता-उतरवता येत नाहीत.

तेव्हा मार्गवाढीचा अर्ज करणाऱ्या मालकाने वकिलाची फी भरण्याआधी आरटीओत जाऊन वाढीव पट्टा अधिसूचित मार्गात येतो का, ते पाहून घ्यावं.