गाडी लागते ती कानाला!

मुलांनो, पोलादपूरहून महाबळेश्वरच्या एसटीत कधी बसला आहात का? कापडे गाव मागे पडलं, की थोड्याच वेळात आंबेनळी घाट सुरू होतो. एक वळण संपतं न संपतं तोच दुसरं. मग कोणीतरी तोंडाला रुमाल लावतं, कंडक्टर ओरडतात, "अरे, त्याला खिडकीजवळ बसवा!" आणि बाकीची पोरं खुदुखुदु हसतात.

माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीला अशीच गाडी लागते. प्रतापगडची सहल ठरली, पण हिने नाव दिलं नाही. विचारलं तर गप्प. शेवटी शेजारची म्हणाली, "गुरुजी, ती घाबरट आहे. तिला उलटी होते."

घाबरट! हे मात्र मला पटलं नाही. मी खडू घेतला आणि फळ्यावर भलामोठा कान काढला.

आपल्या कानाच्या आत, अगदी खोल, तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात. त्यांत पाण्यासारखा द्रव असतो. डोकं वळलं, की हा द्रव जरा मागे रेंगाळतो आणि मेंदूला कळतं, 'आपण वळलो.' जवळच चुनखडीचे अगदी सूक्ष्म खडे असतात, ते कललो की सरकतात. एसटीत तुम्ही समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसता. डोळे सांगतात, 'सगळं जागच्या जागी आहे.' कान सांगतो, 'छे, आपण गरगर वळतोय!' या भांडणात मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळतं. ज्यांच्या कानातली ही यंत्रणा मुळातच काम करत नाही, त्यांना सहसा गाडी लागत नाही. म्हणजे आमच्या मुलीचा कान अगदी ठणठणीत होता!

पण हाच ठणठणीत कान विमानात दगा देतो. जुलैमध्ये सावित्रीच्या खोऱ्यात ढग उतरला, की पाच पावलांवरचं दिसत नाही. तशा ढगात विमान आहे असं समजा. ते हळूहळू एकाच बाजूला वळत राहिलं, तर पंधरा-वीस सेकंदांत नळीतला द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो आणि कान सांगतो, 'आपण सरळ चाललोय.' वैमानिकाने कानाचं ऐकलं, की घात झाला. समोरच्या काट्यांवर विश्वास ठेवायचा, हे त्याला जमिनीवरच शिकवावं लागतं.

ते शिकवणारी पहिली गाजलेली खुर्ची कुठे तयार झाली असेल? बाजाच्या कारखान्यात! अमेरिकेत एडविन लिंक नावाचा तरुण होता. त्याच्या वडिलांचा वाद्यांचा कारखाना होता. तिथे ऑर्गन तयार होत. ऑर्गन हा आपल्या पायपेटीचा थोरला भाऊ, हवेवर वाजणारा. लिंकने त्यातलेच भाते घेतले, त्यांवर विमानासारखी छोटी पेटी बसवली आणि पंपाने भात्यांतली हवा कमीजास्त केली. पेटी डुलू लागली, कलू लागली. हे १९२९ साल. आधी लोकांनी तिला जत्रेतलं खेळणंच समजलं. पण १९३४ मध्ये अमेरिकन सैन्याकडे टपाल नेण्याचं काम आलं. बर्फात आणि धुक्यात अनेक वैमानिक मेले, तेव्हा सैन्याने लिंककडून सहा पेट्या विकत घेतल्या. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक अशा पेटीत बसून शिकले.

"गुरुजी, आपण करूया?" मागच्या बाकावरून आवाज आला. भाते कुठून आणायचे? पण महामार्गावर पंक्चरवाले काय थोडे आहेत? ट्रकची जुनी ट्यूब मिळाली. तिच्यावर तीन फुटी फळी आणि फळीवर पाय मोडलेली खुर्ची घट्ट बांधली. खुर्चीपुढे मोठा खोका फळीलाच जखडला आणि त्यात माझा मोबाईल लावला. मोबाईलवर काय? एसटीच्या पुढच्या काचेतून मी काढलेला आंबेनळी घाट! फळीच्या चार कोपऱ्यांवर चार मुलं. डावं, उजवं, पुढे, मागे दाबायचं. भोवती सतरंज्यांची चळत.

पहिल्याच दिवशी फजिती. ट्यूब टम्म फुगवलेली, त्यामुळे बसणारा चेंडूसारखा उडाला. अर्धी हवा सोडली. मग डावं वळण आलं, की मुलं डावीकडे दाबायची. पण बसणारा म्हणाला, "हा घाट नाही, हा पाळणा झाला!" बरोबरच होतं. गाडी डावीकडे वळते तेव्हा आपण उजवीकडे फेकले जातो. म्हणजे खुर्ची उजवीकडे कलायला हवी. वेग वाढला असं वाटायला हवं असेल, तर मागे कलवायची, म्हणजे पाठ खुर्चीला टेकते. ब्रेक लागला, की पुढे. खोका खुर्चीबरोबरच कलतो, म्हणून डोळ्यांना कलणं दिसत नाही. मात्र सावकाश हं! सेकंदाला साधारण तीन अंशांहून हळू कललं, तर नळ्यांना पत्ताच लागत नाही. वैमानिकांच्या मोठमोठ्या यंत्रांतही हीच युक्ती असते.

मग त्या मुलीला बसवलं. दोन वळणं झाली आणि तिचा चेहरा पांढरा पडला! चूक आमची होती. एक मुलगा खोक्यात डोकावून "डावं! उजवं!" ओरडायचा आणि मग इतर दाबायचे. चित्र आधी, धक्का नंतर. पुन्हा डोळ्यांचं आणि कानाचं भांडण!

उपाय तिनेच काढला. घड्याळ घेऊन बसली आणि मोबाईलमधलं प्रत्येक वळण वहीत मांडलं: १२ सेकंद, डावं, १९ सेकंद, उजवं. आता मुलं चित्र न बघता आकड्यांवर दाबू लागली. पाचव्या दिवशी ती घाट संपेपर्यंत बसून राहिली.

(तुम्ही करणार असाल तर घरातलं मोठं माणूस शेजारी हवंच. आणि जेवल्याजेवल्या बसू नका!)

सहलीला ती आली. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली, नजर थेट पुढच्या रस्त्यावर. वळण दिसायच्या आधीच हळूच म्हणायची, "आता उजवं." वाडा गावाच्या अलीकडे एकदा उलटी झालीच. तिने तोंड धुतलं, वही उघडली आणि मला म्हणाली, "गुरुजी, हे वळण आपल्या मोबाईलमध्ये नव्हतं."