घरी मित्रांसोबत पोकर खेळणं गुन्हा आहे का? 'नाल' घेतली की काय बदलतं?

शनिवारची रात्र. पुण्या-मुंबईतला एखादा फ्लॅट, सहा मित्र, मधे टेबल. प्रत्येकाने ५०० रुपये देऊन तेवढ्या चिप्स घेतल्यात. (चिप्स म्हणजे वेफर्स नव्हे, पैशांच्या बदल्यात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या चकत्या. वेफर्सही असतातच.) कुणीतरी टेबलचा फोटो स्टोरीला टाकतं आणि लगेच रिप्लाय येतो, "पोलीस येतील बरं का!"

रिप्लाय चेष्टेचा असतो, पण प्रश्न खरा आहे. पैसे लावून घरात पत्ते खेळले तर गुन्हा होतो का?

महाराष्ट्रात याचं उत्तर एका १३० हून अधिक वर्षं जुन्या कायद्यात आहे. महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा, १८८७. 'जुगार अड्ड्यावर छापा, मुद्देमाल जप्त' अशा बातम्यांमध्ये कलम ४ आणि ५ असा उल्लेख येतो, तो याच कायद्याचा. कलम ४ अड्डा चालवणाऱ्यासाठी आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम ५ अड्ड्यावर सापडणाऱ्यांसाठी आहे, त्यात सहा महिन्यांपर्यंत. दोन्हींत दंडही आहे.

मग 'अड्डा' कशाला म्हणायचं?

सगळी मेख इथे आहे. पत्त्यांसारख्या खेळाच्या बाबतीत कायदा फक्त पैसे लावले का एवढंच बघत नाही. जागा किंवा खेळाचं साहित्य, जागेच्या मालकाच्या किंवा ती वापरणाऱ्याच्या फायद्यासाठी वापरलं जातंय का, हे तो बघतो. जागेचं भाडं, पत्त्यांचं भाडं किंवा 'इतर कोणत्याही प्रकारे' झालेला फायदा त्यात धरला आहे.

या फायद्याला आपल्याकडे जुना शब्द आहे, नाल. जिंकणाऱ्याच्या पैशातून अड्डेवाला जो हिस्सा काढून घेतो तो म्हणजे नाल. पोकरवाले त्यालाच 'रेक' म्हणतात. गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनो जहाजांवर पोकरच्या टेबलावर असा रेक घेतला जातो, पण तिथे सरकारी परवाना असतो. महाराष्ट्रातही १९७६ साली कॅसिनोंसाठी कायदा झाला होता. तो कधी अंमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. त्यामुळे इथे परवान्याची वाटच नाही.

म्हणजे सहा मित्रांनी ५०० रुपये काढले आणि रात्रीअखेर ३,००० रुपये त्याच सहा जणांत वाटले गेले, तर तो घरगुती खेळ. पण ज्याचं घर आहे त्याने प्रत्येक डावातून २० रुपये बाजूला काढले, तर घराचा अड्डा होतो. नात्यातली, ओळखीतली माणसं आहेत म्हणून त्यात सूट मिळत नाही.

आणि पिझ्झाचे पैसे? जेवढा खर्च झाला तेवढा वाटून घेणं हा फायदा नाही. मात्र दर शनिवारी डोक्यामागे २०० रुपये 'एंट्री' घ्यायची, नवनवे लोक बोलवायचे आणि खर्च ५० चाच, असं सुरू झालं की तो बचाव फारसा टिकणार नाही.

पोलीस घरात आले तर?

या कायद्यानुसार घराची झडती घ्यायला वॉरंट किंवा तसा खास अधिकार असलेला अधिकारी लागतो. पण एकदा रीतसर छापा पडला आणि पत्ते, चिप्स, रोकड मिळाली की कायदा आधी ती जागा अड्डाच आहे असं धरतो. तसं नाही हे दाखवायचं ओझं घरातल्यांवर येतं. आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. अड्ड्यावर खेळ चालू असताना जो तिथे सापडेल तो खेळायलाच आला होता असं गृहीत धरलं जातं. सोफ्यावर बसून नुसतं बघणाराही त्यात आला.

घराबाहेर नियम आणखी कडक आहेत. रस्ता, बाग, जिथे कुणालाही येता येतं अशी कोणतीही जागा, तिथे कलम १२ लागू होतं आणि नाल घेतली का हा प्रश्नच उरत नाही. गणपतीत जागरणाच्या नावाखाली रस्त्यावरच्या मांडवात पैशांवर रंगणारे डाव यातच मोडतात.

"पण पोकर तर डोक्याचा खेळ आहे!"

हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. कलम १३ सांगतं की निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. १९६७ साली सुप्रीम कोर्टाने सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला. त्याच निकालात तीन पत्त्यांच्या फ्लशला, म्हणजे आपल्या तीन पत्तीला, निव्वळ नशिबाचा खेळ म्हटलं आहे. रमीवाल्यांना हा निकाल पाठ असतो, पण त्याचा पुढचा भाग ते सांगत नाहीत. क्लब किंवा घरमालक खेळातून नफा कमावत असेल, तर रमीवरही गुन्हा होऊ शकतो, असं तिथेच लिहिलंय.

पोकर या दोन्हींच्या मधे अडकलाय. टेक्सास होल्डेम या प्रकारात हातात दोन पत्ते आणि टेबलावर सगळ्यांसाठी पाच. पत्ते नशिबाने येतात, पण किती लावायचे, कधी पान टाकून द्यायचं, कधी थाप मारायची हे ज्याचं त्याने ठरवायचं. गुजरात हायकोर्टाने २०१७ मध्ये पोकरला नशिबाचा खेळ म्हटलं. अलाहाबाद हायकोर्टाने २०२४ मध्ये तो कौशल्याचा मानला. पश्चिम बंगालच्या कायद्यात पोकर जुगाराच्या व्याख्येबाहेरच आहे. महाराष्ट्रात 'हा कौशल्याचा खेळ आहे' एवढ्या भरवशावर नाल घेणं म्हणजे मोठाच डाव लावणं.

ॲपवर पैशांचं प्रायव्हेट टेबल लावायचं म्हटलं तर तो वेगळाच विषय. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. तिथे कौशल्य की नशीब हा भेदच ठेवलेला नाही. शिक्षा मात्र गेम चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही.

हरलेला मित्र पैसे देत नसेल तर?

पोलीस दारात येण्यापेक्षा ही वेळ येण्याची शक्यता कितीतरी जास्त. समजा एक जण रात्री दोनपर्यंत ८,००० हरला, "उद्या जीपे करतो" म्हणाला आणि मग मेसेजच वाचेना. करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार कोर्टात टिकत नाही, त्यामुळे पैजेत जिंकलेल्या पैशांसाठी दावा लावता येत नाही. व्हॉट्सॲपवर "देतो" असं लिहून दिलेलं असलं तरी नाही.

महाराष्ट्रात यापुढेही एक पायरी आहे. १८६५ चा मुंबई प्रांताचा एक कायदा पैजेला मदत म्हणून केलेले व्यवहारही रद्दबातल ठरवतो. म्हणजे टेबलावर बसलेल्या मित्राला पुढचे डाव खेळता यावेत म्हणून कुणी २,००० रुपये उसने दिले असतील, तर त्या उसनवारीसाठीही कोर्टाचा दरवाजा बंद असू शकतो.

म्हणूनच अनेक ग्रुपमध्ये खेळायच्या आधीच पैसे जमा करून घेतात, चिप्स संपल्या की माणूस उठतो आणि उधारीवर कुणालाच बसू देत नाहीत.